काचेला दिलेलं आमंत्रण

...नाही नाही, चहा नंतर! आधी तो पंखा वाढवा आणि मला टेकू द्या. रिक्षाने आलो, रिक्षाने! स्कूटर कुठे गेली म्हणून विचारू नका. म्हणजे विचारा, पण लगेच विचारू नका, कारण त्याचं उत्तर द्यायचं तर मला मंगळवारपासून सुरुवात करावी लागेल, आणि मंगळवारचं सांगायचं तर साखरपुड्यापासून... बरं, करतो. तुम्हाला सांगतो, पुन्हा म्हणून मी त्या काचेच्या इमारतीत पाऊल ठेवणार नाही. ठेवायचं म्हटलं तरी ती ठेवू देणार नाही, ते वेगळं!

तर आमच्या तनयाचं लग्न आलंय बारा दिवसांवर. पत्रिका दोनशे चाळीस, छापून तयार, पण मंगळवारपर्यंत त्यातली एक म्हणून घराबाहेर पडली नव्हती. का? तर पहिली देवाला, दुसरी मामाला, मग जगाला. देवाची देऊन झाली. देव रुसत नाही. मामा रुसला होता! मामा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, सुदर्शन. साखरपुड्याला घाई होती हो, आम्ही सगळ्यांनाच व्हॉट्सॲपवर आमंत्रण पाठवलं, त्यालाही पाठवलं. त्याने काय करावं? साखरपुड्याच्या दिवशी, बरोबर मुहूर्तावर, व्हॉट्सॲपवर एक अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, 'आमंत्रण जिथे आलं, तिथे मी उपस्थित आहे.' बस! माणूस नाही आला, अंगठा आला! ही त्या दिवशी पाहुण्यांना पेढे देत होती आणि पदराने डोळे पुसत होती, आणि वरमाई मला विचारत होत्या, 'वासंतीताईंना सर्दी झालीय का?' म्हटलं हो, माहेरची.

आता मुलीला बोहल्यावर घेऊन येतो कोण? मामा. आणि आमच्या तनयाला मामा एकच. म्हणून हिने फोन केला. तिकडून उत्तर, अगदी मोजून मापून, 'या की, ताई. घरी कुलूप आहे, पूर्णिमा नाशिकला लेकीकडे. मी मंगळवारी दुपारी एकला निघतोय, नातवाच्या बारशाला, मग लग्नापर्यंत तिकडेच. एकच्या आत ऑफिसात येऊन समक्ष पत्रिका हातात दिलीत, तर नाशिकहून सरळ कार्यालयात येईन. नाही दिलीत तर...' आणि फोन ठेवला! ती 'तर'च्या पुढची तीन टिंबं मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आली.

ऑफिस म्हणजे कुठलं? विश्रांतवाडीच्या पुढे ती काचेची इमारत नाही का उभी राहिलीय, चौदा मजली, उन्हात बघितली तर डोळ्यांसमोर काजवे चमकतात, तिथे हा रिटायर झाल्यावर फॅसिलिटी प्रमुख म्हणून लागलाय. म्हणजे तिथले दिवे, नळ, लिफ्टा, कुंड्या आणि सिक्युरिटी, सगळं याच्या हाताखाली. हे मला आधी माहीत असतं ना, तर मी सकाळीच ओळखलं असतं की त्या इमारतीचा स्वभाव कुणावर गेलाय.

साडेअकराला पोचलो. मी पुढे, ही मागे, हिच्या मांडीवर तबक. तबकात हळदकुंकू, अक्षता, मंडईतून निवडून आणलेला नारळ, पत्रिका, वर क्रोशाचा रुमाल. म्हटलं दीड तास हातात आहे, पाच मिनिटांचं काम, येताना मिसळ खाऊ. आता स्कूटर लावायची. तर स्कूटर वर लावायचीच नाही! तळघर एक, तळघर दोन, तळघर तीन, आणि दुचाकी सगळ्यात खाली. गोल गोल गोल उताराने असा उतरलो, तुम्हाला सांगतो, की आता पाणी लागणार असं वाटायला लागलं. तिथे काउंटरवरच्या माणसाने एक चिठ्ठी दिली. खांब एच-सतरा, जांभळा विभाग. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. मी न वाचता खिशात घातली. ती चिठ्ठी जरा लक्षात ठेवा!

तळघरात लिफ्ट दिसली, म्हटलं चला, सरळ नवव्या मजल्यावर, सुदर्शनच्या ऑफिसात. तर ती लिफ्ट तळघरापासून निघते आणि बाहेर पोर्चमध्ये नेऊन सोडते. पुढे जात नाही! काउंटरवाल्याला म्हटलं, 'अहो, लिफ्ट आहे ना ही? मग वर का जात नाही?' तो मान वर न करता म्हणाला, 'सर, डिझाइनच तसं आहे.'

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही वाटलं नाही. माणूस भोळा असतो.

पोर्चमधून आत जायला दार. दार म्हणजे काय असतं? चौकट असते, फळी असते, ढकललं की उघडतं. हे दार गोल फिरतं! काचेचे चार कप्पे आणि ते आपले फिरतायत, रिकामेच, रसवंतीच्या चरकासारखे. मी हिला म्हटलं, 'तू हो पुढे.' ही म्हणाली, 'अहो, शुभकार्याला आलोय, बरोबर जाऊ या.' एका कप्प्यात दोघं, आणि मध्ये तबक! नारळ माझ्या पोटात, हिची कोपरं काचेला, आणि काचेला कोपर लागलं की दार थांबतं! थांबतं आणि एक बाई बोलते, 'कृपया दाराला स्पर्श करू नये.' आता दाराला स्पर्श न करता दारातून जायचं कसं? बरं, पुन्हा फिरलं, मी म्हटलं 'उतर!', ही म्हणाली 'तुम्ही आधी!', तेवढ्यात आतली बाजू निघून गेली आणि आम्ही पुन्हा पोर्चमध्ये. तीन फेऱ्या झाल्या! हो की नाही गं? बघा, हसतेय. त्या दिवशी नव्हती हसत.

आत शिरलो तर... काही नाहीच. खरंच काही नाही! नुसती पोकळी. वर बघितलं तर सात मजले छतच नाही, खाली चकचकीत फरशी, मधोमध एक झाड आणि एक लांबलचक सोफा. आमची अख्खी सोसायटी कठड्यासकट उभी राहील एवढी जागा, आणि त्यात एक झाड! ही बिचारी सोफ्यावर टेकली, तर तो इतका खोल की तबक राहिलं वर आणि ही गेली खाली. मी ओढून काढली. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, 'अहो, ही एवढी मोकळी जागा कशासाठी आहे?' ती गोड हसून म्हणते कशी, 'एट्रियम आहे ना काका. डिझाइनच तसं आहे.'

स्पृहा नाव होतं तिचं, छातीवर पाटी होती. पोरगी चांगली, पण यंत्रात अडकलेली. फोटो काढला माझा, मग हिचा. मग म्हणाली, 'होस्टचं अप्रूव्हल येऊ दे.' होस्ट म्हणजे सुदर्शन. फोन केला, उचलत नाही. पुन्हा केला, उचलत नाही. पाच मिनिटं, दहा, वीस... बारा वाजले. शेवटी ती पोरगी म्हणाली, 'आंटी, तुम्ही हे कार्ड इथे ड्रॉप करा ना, मी सरांना हँडओव्हर करते. कुरियर पण असंच करतो आम्ही.'

अरे देवा! कुरियर! तुम्हाला सांगतो, मी त्या पोरीला वाचवायला मध्ये पडणार होतो, इतकी ही तापली. 'बाळ,' ही म्हणाली, आणि ही 'बाळ' म्हणाली की समजायचं, 'आमंत्रण ठेवून जात नाहीत. ते काय विजेचं बिल आहे का?' तेवढ्यात बाजूच्या तपासणीच्या मशिनवरचा वॉचमन उठला. उंचापुरा, पांढऱ्या मिशा, हिंमतराव नाव. तबकावरचा रुमाल जरासा उचलून बघितला आणि एकदम दोन्ही हात जोडले. 'लगीन हाय व्हय ताई घरात?' 'मुलीचं. भावाला बोलवायला आलेय.' 'मग तर हातातच द्याया पायजे. मामा न्हाई आला तर मुलीला पुढं कोन आननार?' त्या सगळ्या काचेत मला पहिल्यांदा माणूस दिसला हो! त्याने नारळ हातात धरून मशिनच्या बाजूने पलीकडे दिला, म्हणाला, 'नारळ मशीनीत घालू नये, ह्ये शुभकार्याचं हाय. साडेबारानंतर मी बाहीर गेटवर अस्तो, काय लागलं तर सांगा.' आणि तेवढ्यात टिंग! होस्टचं अप्रूव्हल आलं, नवव्या मजल्याचं कार्ड हातात पडलं. बारा वाजून दहा मिनिटं.

आता लिफ्ट. लिफ्टमध्ये शिरलो, दार लागलं, मी नऊचं बटण दाबायला हात पुढे केला तर... बटणंच नाहीत! भिंत! गुळगुळीत! एक तरुण उभा होता, कानात ते पांढरं काहीतरी. म्हणाला, 'अंकल, फ्लोअर बाहेरच सिलेक्ट करायचा असतो, मग ती लिफ्ट अलॉट करते.' 'मग आता मी आत आहे, आता काय करू?' 'आता बेसिकली ही जाईल तिकडे जायचं.' म्हणजे बघा! मी पन्नास वर्षं या शहरात राहतोय, मला रिक्षावाल्यानेसुद्धा इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं! 'असं का हो?' 'डिझाइनच तसं आहे, अंकल.' आणि नेलं आम्हाला चौदाव्यावर.

चौदाव्यावर काचेची दारं, कार्डाशिवाय उघडत नाहीत. माझं कार्ड नवव्याचं. आतली माणसं आमच्याकडे बघतायत, आम्ही त्यांच्याकडे, दोन्हीकडून माशासारखी तोंडं उघडतायत, आवाज कुणाचा कुणाला नाही. बाहेरच्या पाटीवर नऊ दाबलं, लिफ्ट आली ती गच्च भरलेली, जेवायला निघालेली. दुसरी आली, तीही तशीच. सव्वाबारा. मग माझं डोकं चाललं. म्हटलं, 'अगं, जिना! पाच मजले तर उतरायचे! जिन्याला बटण लागत नाही, कार्ड लागत नाही, जिना म्हणजे जिना!' समोरच दार होतं, आडवा लोखंडी दांडा, ढकललं, उघडलं, आत गेलो, मागे दार लागलं. धप्प.

उतरलो. तेरा, बारा, अकरा, दहा, नऊ. नवव्याचं दार बंद, आणि आतल्या बाजूला दांडा नाही, कडी नाही, मूठ नाही. काहीच नाही! गुळगुळीत! वाजवलं, कुणी ऐकेना. आठव्याला तेच. सातव्याला मात्र दार सताड उघडं! आनंदाने आत धावलो, तर तिथे मजला आहे, पण मजल्यावर काही नाही. भिंत नाही, टेबल नाही, माणूस नाही, नुसता वारा. पाटी काय? 'आश्रयाची जागा. आग लागल्यास येथे थांबावे.' हिने तबक खाली ठेवलं, गुडघे धरले, म्हणाली, 'थांबू या का हो जरा?' म्हटलं, 'आग नाही लागलेली.' म्हणाली, 'मी आत्ता बसले ना, तर आग लागली तरी उठणार नाही.' तशीच पुढे नेली. सहा, पाच, चार... सगळी दारं बंद. तळमजल्याचं एकच उघडलं. आणि उघडलं ते कुठे? इमारतीच्या बाहेर! मागच्या अंगाला, जनरेटरजवळ! तास गेला आमचा, दारं किती, लिफ्टा किती, मजले किती, आणि शेवटी आम्ही जिथून आलो त्याच्याही मागे.

बारा पस्तीस झाले होते. ती काचेची भिंत, आरशासारखी, आणि त्यात आम्ही दोघं. ही घामाने थबथबलेली. हिने आरशात बघून केस सारखे केले, पदर नीट लावला, कपाळावरचं कुंकू पुसून पुन्हा लावलं. आणि मग एकदम त्या काचेसमोरच्या कट्ट्यावर बसली आणि रडायला लागली. हमसून हमसून हो! 'सुद्याला शाळेत मी न्यायचे,' म्हणाली, 'बोट सोडायचा नाही तो माझं. आता त्याच्या दारापाशी येऊन मला दार सापडत नाही.'  मला हिचं रडणं बघवत नाही. मग मी त्या काचेसमोर उभा राहून मेहुण्याचा उद्धार सुरू केला, हातवारे करून, अगदी साखरपुड्याच्या अंगठ्यापासून! त्याच्या चालण्याची नक्कलसुद्धा करून दाखवली, पोट पुढे काढून, अशी...

आणि काच वाजली. टक टक टक. आतून!

तेवढ्यात हिचा फोन वाजला. 'ताई, मी सुदर्शन. रडू नकोस.' 'कुठे आहेस तू?' 'समोर. तू माझ्याकडेच बघतेयस.' ही बघतेय तर हिला हीच दिसतेय! 'आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. डिझाइनच तसं आहे.' मी फोन ओढून घेतला, म्हटलं, 'किती वेळ आहेस तिथे?' तर म्हणतो कसा, 'कंट्रोल रूम आहे, भावजी. सगळे कॅमेरे इथेच आहेत. दारातून तीन फेऱ्या मारल्यात तुम्ही. तिसरीला वेग चांगला होता.' म्हणजे हा तासभर आम्हाला बघत बसला होता! 'म्हटलं, बघू या, किती मनापासून येताय. आणि नक्कल चांगली करता हो. पोट मात्र एवढं नाहीये माझं.'

ही म्हणाली, 'ते असू दे. सुद्या, तू बाहेर ये.' 'ताई, आमंत्रण घ्यायला मामाने बाहेर यायचं? रस्त्यावर? रीत आहे का ही? पुढून फिरून या.' पुढून म्हणजे पुन्हा ते दार, पुन्हा फोटो, पुन्हा अप्रूव्हल, आणि पावणेएक झालेले! मग मात्र ही उठली. डोळे पुसले, बोट कुंकवात बुडवलं आणि फोनवर म्हणाली, 'कपाळ कुठे आहे तुझं?' 'काय?' 'कपाळ! काचेला लाव.' आता तुम्ही ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. ही आरशासमोर बोट उगारून उभी आणि फोनवर तो, 'थोडं वर... अजून... डावीकडे... माझ्या नाही, तुझ्या डावीकडे!' लावलं कुंकू. अक्षता टाकल्या, खळकन खाली पडल्या. पत्रिका उघडून काचेला धरली. 'वाच.'  फोनवर घसा खाकरल्याचा आवाज आला. मला वाटलं, विरघळला! तर म्हणतो, 'ताई, मिळालं आमंत्रण. पण काचेला. माझ्या हातात कुठे पडलं?'

'मग काच येईल लग्नाला!' ही ओरडली. 'तनयाला बोहल्यावर काच घेऊन येईल! तू बस आतून बघत!' आणि फोन बंद.

तबक उचललं आणि निघाली, तरातरा. मी मागे धावतोय, 'अगं, कुठे?' तर ही तळघरातून गाड्या बाहेर पडतात त्या उताराच्या तोंडाशी जाऊन उभी. एकला दोन मिनिटं कमी. आली मेहुण्याची गाडी वर. पुढे आडवा दांडा, आणि दांड्यापाशी हिंमतराव! दांडा वर जाईना. सुदर्शनने हॉर्न वाजवला. 'हिंमतराव, बॅरिअर उघडा!' हिंमतराव अगदी शांत, हात मागे बांधून. 'न्हाई उघडत, सायेब.' 'का?' 'ताई उभ्या हायेत तबक घिऊन. त्यांच्याकडनं घेतल्याबिगर दांडा वर जात न्हाई. डिझाइनच तसं हाय, सायेब.'

तुम्हाला सांगतो, त्या वाक्यासाठी मी त्या माणसाला मिठी मारणार होतो! मागे आणखी चार गाड्या, सगळ्यांचे हॉर्न, आणि सुदर्शनने काच खाली केली. एक काच होती हो त्या अख्ख्या इमारतीत खाली होणारी! हिने हात आत घातला, या वेळी खऱ्या कपाळाला कुंकू लावलं, पत्रिका तळहातावर ठेवली आणि वर आपला हात ठेवला. त्याने तो सोडला नाही. पत्रिकेत मामा म्हणून त्याचं नाव ठसठशीत, आमच्या नावांच्या लगेच खाली. 'येतो, ताई,' म्हणाला. 'नाशिकहून सरळ. मुलीला मीच आणणार.' दोघंही रडतायत, मागचे हॉर्न वाजवतायत, हिंमतराव टोपी काढून उभा, आणि माझ्याही... ऊन होतं फार त्या दिवशी.

दांडा वर गेला, गाडी गेली, आम्ही जिंकलो! हसत हसत तळघरात उतरलो, एच-सतरा सापडायला वीस मिनिटं, सापडला. काउंटरवरच्या माणसाला ऐटीत चिठ्ठी दिली. त्याने उलटी केली. 'सही?' 'कसली सही?' 'ज्यांना भेटलात त्यांची. त्याशिवाय गाडी सुटत नाही, सर.' आणि भिंतीवरची पाटी दाखवली. खाली मोठ्या अक्षरांत, 'हुकमावरून, फॅसिलिटी प्रमुख'!

फोन लावला. तो चाकणच्या पुढे गेलेला. म्हटलं, 'अरे बाबा, तुझी सही राहिली. एका कागदावर सही कर आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठव.'   तो सावकाश म्हणाला, 'व्हॉट्सॲपवर? छे छे, भावजी. अशा गोष्टी समक्षच करायच्या असतात. लग्नात चिठ्ठी घेऊन या, हातात द्या, सही करतो.'

तेव्हा ही घ्या तुमची पत्रिका. टेबलावर नको, हातात घ्या, हातात! आणि लग्नाला नवरीचा बाप रिक्षातून उतरताना दिसला तर हसू नका. काय करणार... सासुरवाडीचं डिझाइनच तसं आहे!